कोळशातला खडा

लाकूड पुरेशा हवेवाचून तापवले असता त्यातील पाणी, डांबर आणि ज्वलनशील वायू निघून जातात व मागे उरतो तो कोळसा. मराठीत त्याला ‘लोणारी कोळसा’ असे जुने नाव आहे, कारण कोळसा आणि चुना भाजणे हा लोणारी समाजाचा परंपरागत व्यवसाय होता, आणि या नावामुळे खाणीतून निघणाऱ्या ‘दगडी कोळशा’पासून तो आपोआप वेगळा पडतो. युरोप आणि अमेरिकेत उघड्यावरच्या शेगडीत मांस, मासे वा भाज्या भाजण्यासाठी हा कोळसा कागदी पोत्यांतून विकला जातो आणि त्याचे दोन प्रकार असतात: लाकडाचा आकार टिकवून असलेले ओबडधोबड तुकडे, आणि भुकटीत खळ मिसळून दाबून केलेल्या वड्या. पैकी तुकड्यांच्या पोत्यात कोळशाखेरीज इतर वस्तू सापडणे ही इतक्या वारंवार घडणारी गोष्ट आहे की त्या वस्तूंची ओळखीची यादीच सांगता येते: दगड, मातीची ढेकळे, खिळे, बोल्ट, तारेचे तुकडे, गठ्ठे बांधण्याची पोलादी पट्टी, प्लास्टिकची दोरी, विटेच्या वा फरशीच्या कपच्या, विजेच्या वायरीचा तुकडा, जमिनीवर बसवायच्या फळ्यांचे काळे अवशेष.

या वस्तूंकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांचे एकमेकींशी सहजी जमत नाही. एक रीत प्रमाणीकरणाची, म्हणजे मालाचा दर्जा ठरवून त्याबाहेरचे सारे दोष मानण्याची. दुसरी रीत अन्वेषणाची, म्हणजे त्या दोषालाच पुरावा मानून मालाचा प्रवास वाचण्याची. पुढील संवादात पहिली रीत इंधनाच्या प्रयोगशाळेतील एक निरीक्षक मांडतात आणि दुसरी काष्ठशास्त्राची, म्हणजे लाकडाच्या अंतर्रचनेची, एक अभ्यासिका मांडते. व्यक्ती कल्पित आहेत. वाद मात्र खरा आहे, आणि दोघांच्याही बाजूला वजन आहे.

निरीक्षकांचे म्हणणे व्याख्येपासून सुरू होते. “बाई, कोळसा कशाला म्हणायचे हे एकदा ठरले की परकी वस्तू कोणती हे वेगळे ठरवावे लागत नाही. युरोपात त्यासाठी ‘ईएन १८६०-२’ हे मानक आहे. तुकड्यांच्या कोळशात स्थिर कार्बन किमान ७५ टक्के असावा, राख ८ टक्क्यांहून अधिक नसावी आणि ओलावाही ८ टक्क्यांच्या आत असावा, असे ते सांगते. स्थिर कार्बन म्हणजे ओलावा, उडून जाणारे वायू आणि राख वजा केल्यावर जो जळण्याजोगा कार्बन उरतो तो. त्याच मानकात दगडी कोळसा, कोक, प्लास्टिक, काच, धातूचा कीस, गंज, धातू गाळून उरलेली मळी यांना मज्जाव आहे. तांदळात खडा निघाला तर तो कोणत्या शेतातला, याची चौकशी कोणी करीत नाही. सुपात घेऊन तो निवडतात आणि टाकून देतात. येथेही तेच करावयाचे आहे.”

अभ्यासिकेला ही उपमा मान्य आहे, पण तिचा शेवट मान्य नाही. “तांदळातला खडा निवडणाऱ्याला तांदूळ ओळखता येतो, निरीक्षकसाहेब. आंबेमोहोर कोणता आणि रेशनचा कोणता हे घरातली बाई वासावरून सांगते. कोळशाच्या पोत्यात नेमके उलटे असते. तेथे खडा सर्वांना ओळखता येतो आणि तांदूळ कोणालाच ओळखता येत नाही. ओक, बीच, केब्राचो, बाभूळ, सारेच एकदा भट्टीतून निघाले की एकसारखे काळे. अशा मालात ज्याची ओळख पटते असे जे काही थोडे शिल्लक आहे, तेच आधी फेकून देण्याची घाई का करावी?”

निरीक्षक यावर धोक्यांची बाजू पुढे करतात, आणि ती विस्ताराने ऐकण्यासारखी आहे. सच्छिद्र दगडाच्या पोटात पाणी असते; निखाऱ्यांत तापल्यावर त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर दगड तडकतो आणि त्याच्या तापलेल्या कपच्या शेगडीभोवती उभ्या असलेल्यांच्या अंगावर उडतात. जस्ताचा मुलामा दिलेली तार वा पट्टी वारा घातलेल्या निखाऱ्यात पडली तर जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याच्या ऑक्साइडचा पांढरा धूर श्वासाबरोबर गेल्यास काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. विजेच्या वायरीवरचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते आणि ते जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो. सर्वांत वाईट प्रकार मात्र डोळ्यांना दिसतच नाही. वाळवी आणि बुरशी यांपासून बचावासाठी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे द्रावण दाबाखाली मुरवलेले इमारती लाकूड अमेरिकेत दीर्घकाळ अंगणातील ओटे आणि कुंपणे यांसाठी वापरले जात होते, आणि घरगुती वापरातून ते २००३च्या अखेरीस मागे घेण्यात आले. असे लाकूड मोडतोडीतून भट्टीत गेले तर तांबे व क्रोमियम कोळशात आणि पुढे राखेत राहतात आणि आर्सेनिकचा काही अंश धुरातून जातो. “या पोत्यावर माणसे अन्न शिजवतात,” निरीक्षक म्हणतात, “आणि त्यांना आपल्या अन्वेषणाशी काही देणेघेणे नाही. त्यांना स्वच्छ विस्तव हवा आहे, आणि तो मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.”

या मुद्द्यावर अभ्यासिका वाद घालीत नाही; ती फक्त इतकेच विचारते की वस्तू धोकादायक आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न ती आली कोठून हाच नव्हे काय. त्याचे उत्तर पुष्कळदा त्या वस्तूवरच लिहिलेले असते, आणि ते वाचण्याची तिची पद्धत मुळात साधी आहे. कोळशाची भट्टी ही एक तापमानाची वेस आहे. लाकूड सुमारे २८० अंशांना स्वतःच उष्णता सोडत विघटित होऊ लागते आणि चांगला कोळसा होईपर्यंत भट्टीचे तापमान ४०० ते ५०० अंशांवर जाते. म्हणून पोत्यातली प्रत्येक वस्तू ही वेस ओलांडून आली आहे की वेशीच्या अलीकडे पोत्यात शिरली आहे, हे तिच्या अवस्थेवरून ठरवता येते. पॉलिथिन सव्वाशे अंशांच्या आसपास वितळते, पॉलिप्रॉपिलिन त्याहून चाळीसएक अंश वर. तेव्हा पीळ शाबूत असलेली प्लास्टिकची दोरी सापडली की ती भट्टी थंड झाल्यावरच आली, चाळणीपाशी, साठवणीत किंवा वाहतुकीत, हे निश्चित होते. याउलट काथ्याची वा घायपाताची दोरी काळी पडून, पण पीळ न मोडता सापडली तर ती लाकडाबरोबर भट्टीत गेली होती. पाइनचे बोंड, शेंग, बांबूचे कांडे यांचेही तसेच. ती जळून नाहीशी होत नाहीत, कोळसा होऊन आपला आकार सांभाळतात.

खिळ्याची गोष्ट अधिक बारकाईची आहे. लाकूड कोळसा होताना आकसते, लांबीत कमी आणि आडवे जास्त, पण त्यात रुतलेला खिळा आकसत नाही. त्यामुळे खिळ्याभोवती चक्राच्या आऱ्यांसारख्या भेगा पडतात. अशा भेगा असतील तर खिळा लाकडातच होता, म्हणजे लाकूड झाडावरून थेट आलेले नाही, ते कधीतरी खोका, दार किंवा वासा होते. भेगा नसतील आणि खिळा सुटा असेल तर तो फावड्याबरोबर जमिनीवरून आला असण्याचा संभव अधिक. लोखंडाचा रंगही बोलतो: भट्टीत ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, म्हणून तांबडा गंज तेथे बहुधा काळ्या ऑक्साइडात बदलतो, आणि ताजा तांबडा गंज दिसला तर तो नंतरच्या पावसापाण्याचा. शिसे ३२७ अंशांना वितळते, त्यामुळे झाडात रुतलेली बंदुकीची गोळी भट्टीतून आल्यावर गोळीच्या आकाराची राहीलच असे नाही, ती आपल्याच पोकळीत थिजलेला थेंब होते. ॲल्युमिनियम ६६० अंशांपर्यंत टिकते, म्हणून चेपलेला पेयाचा डबा यांपैकी काहीच सांगू शकत नाही. तो आधीही आला असेल, नंतरही.

झाडाच्या पोटातल्या धातूचा विचार येथे थोडा अधिक करावा लागतो, कारण त्याला इतिहास आहे. कुंपणाची काटेरी तार झाडाला ठोकली की वर्षानुवर्षे खोड जाड होत जाते आणि तार आत गिळली जाते. बाहेरून काही दिसत नाही. उत्तर व पूर्व फ्रान्समध्ये, विशेषतः वर्दूंच्या परिसरात, १९१४ ते १९१८च्या युद्धात तोफगोळ्यांच्या कपच्या जंगलातील खोडांत शिरल्या आणि त्या भागातील लाकूड कापणाऱ्या गिरण्यांना पुढे कित्येक दशके करवती मोडण्याची धास्ती राहिली, म्हणून तेथे खोडे धातुशोधक यंत्राखालून नेण्याची पद्धत पडली. ज्या खोडाला गिरणी नाकारते ते स्वस्त होते, आणि स्वस्त लाकूड जळणाकडे वळते. अभ्यासिकेच्या मते हाच साधा अर्थव्यवहार जगभर चालतो: कोळशाकडे येणारे लाकूड हे बहुधा दुसऱ्या कोणी नाकारलेले लाकूड असते, आणि ते का नाकारले गेले त्याचे कारण कधी कधी त्याच्या आतच असते.

निरीक्षकांना या वाचनात अतिरेकाचा धोका दिसतो, आणि त्यांचा आक्षेप पद्धतीचा आहे. “एका दोरीवरून सगळी गोदामे ओळखता येत नाहीत, बाई. ताजा कोळसा हवेतील ऑक्सिजन शोषून घेतो आणि त्यात आपोआप तापतो. पोत्यात घाईने भरला तर तो वाटेत पेट घेऊ शकतो, म्हणून भट्टीतून काढल्यावर किमान एक दिवस त्याला उघड्यावर पसरून ठेवावे लागते. त्या एका दिवसात वारा आहे, गुरे आहेत, पोरेबाळे आहेत, ट्रक आहेत. जमीन कच्ची असेल तर फावड्याबरोबर माती आणि दगड येणारच. यात कोणाचा गुन्हा नाही आणि कोणते रहस्यही नाही. पक्की फरशी करा, चाळणी लावा, पट्ट्यावर चुंबक बसवा. शंभरातले नव्वद प्रश्न तेथेच संपतील. दगडासाठी चुंबक चालत नाही, पण दगड कोळशाहून कितीतरी जड असतो, तेव्हा वाऱ्याच्या झोतात उपणले की तो वेगळा होतो. आपल्याकडे खळ्यावर शतकानुशतके हेच चालत आले आहे.”

“उपणणे ठीकच आहे,” अभ्यासिका उत्तर देते, “पण वाऱ्याचे यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे लोखंडी बंद भट्टीही असते. लाकडाचा ढीग रचून, त्याला गवताने आणि मातीने लिंपून जो कोळसा पाडतो त्याच्याकडे फावडे आणि हात असतात. म्हणजे पोत्यात दगड सापडला की दोष पहिल्यांदा त्याच्या नावावर पडतो. तो दोष खरा असेल. पण ज्याने झाडे कोठून आणली हे कागदावर खोटे लिहिले, त्याच्या पोत्यात एकही दगड नसेल तर आपले मानक त्याला उत्तीर्ण करते.”

वादाचा खरा गाभा येथे आहे, आणि मराठीतील दोन साधे शब्द तो उलगडायला उपयोगी पडतात. ‘खडा’ नकळत येतो. ‘भेसळ’ जाणूनबुजून केली जाते. पहिल्यात निष्काळजीपणा असतो, दुसऱ्यात नफा. ग्राहकाची तक्रार जवळजवळ नेहमी खड्याविषयी असते, कारण तो दिसतो, हाताला लागतो, तो दाखवून पैसे परत मागता येतात. भेसळ दिसू नये अशीच केलेली असते. आणि तिसरा एक प्रकार आहे ज्याला दोन्ही शब्द पुरत नाहीत: पोत्यात कोळशाखेरीज काहीही नाही, पण तो पोत्यावर लिहिलेल्या लाकडाचा नाही. प्रस्तुत लेखकाला या तिन्हींत शेवटचा प्रकार सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात परकी वस्तू शोधायला जागाच उरत नाही. संपूर्ण पोतेच परके असते.

वड्यांचा इतिहास या ठिकाणी आठवणे अवश्य आहे. कोळशाची भुकटी दाबून वड्या करण्याच्या रीतीचे एकस्व पेनसिल्व्हेनियातील एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ साली घेतले, आणि १९२०च्या दशकात हेन्री फोर्ड यांनी मिशिगन राज्यात मोटारींच्या लाकडी सांगाड्यांतून उरणाऱ्या ढलप्यांपासून अशा वड्या करण्याचा कारखाना काढला. लाकडासाठी लागणाऱ्या जंगलाच्या व्यवहारात फोर्ड यांना मदत करणारे त्यांचे नातलग एडवर्ड किंग्जफोर्ड यांचे नाव पुढे त्या गावाला आणि वड्यांना मिळाले. म्हणजे अंगणातील शेगडीचे हे इंधन जन्मापासूनच उरल्यासुरल्या लाकडाचे आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही. आजही अमेरिकेत फळ्या तयार करणाऱ्या कारखान्यांतील तुकड्यांपासून कोळसा केला जातो, आणि पोत्यात असे काळे तुकडे निघतात की ज्यांच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला त्या खाचेत बसणारी जीभ स्पष्ट दिसते. कोरे लाकूड असेल तर तो कोळसा चांगलाच असतो.

वडीचा प्रश्न निराळा आहे. तीत खळ असते, काही ठिकाणी जाळ सावकाश राहावा म्हणून दगडी कोळशाची भुकटी घातली गेली आहे, आणि राख पांढरी दिसावी, म्हणजे निखारा तयार झाल्याची खूण पटावी, म्हणून चुनखडी मिसळली गेली आहे. अभ्यासिका निरीक्षकांना त्यांच्याच मानकाची आठवण देते: तुकड्यांसाठी राखेची मर्यादा ८ टक्के, वड्यांसाठी १८ टक्के, आणि स्थिर कार्बनची अट ७५ वरून ६० टक्क्यांवर. “पोत्यात मूठभर चुनखडीचा दगड सापडला तर तो परकी वस्तू होतो आणि तोच दगड दळून वडीत घातला तर तो घटक होतो. दगड तोच आहे, फक्त त्याचा आकार बदलला. म्हणून तुकड्यांच्या पोत्यातला खडा निदान प्रामाणिक आहे, तो आपले अस्तित्व लपवीत नाही.”

“दळलेला दगड तडकत नाही,” निरीक्षक म्हणतात, आणि हे उत्तर वाटते तितके लहान नाही. त्यांच्या दृष्टीने घटक आणि दोष यांतला फरक हेतू आणि मोजमाप यांचा आहे: जे मोजून, जाणून आणि जाहीर करून घातले ते घटक. जाहीर न करता घातले तर त्यांचीही त्याला भेसळ म्हणण्यास हरकत नाही, आणि ती पकडण्याची साधने आता आहेत. कोळशाचा तुकडा वा वडी राळेत बसवून, घासून आरशासारखी गुळगुळीत करून, परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की लाकडाचा कोळसा, दगडी कोळसा, कोक, धातू आणि प्लास्टिक आपापल्या चकाकीवरून व पोतावरून वेगळे ओळखू येतात. मुळात खाणीतील कोळसा तपासण्यासाठी भूवैज्ञानिकांनी बसवलेली ही रीत पोलंड आणि अमेरिकेतील संशोधकांनी अलीकडे शेगडीच्या इंधनाला लावली, आणि बाजारातील मालात अशा गोष्टी त्यांना प्रत्यक्ष सापडल्या.

तिसऱ्या प्रकारासाठी, म्हणजे खोट्या ओळखीसाठी, अभ्यासिकेचे स्वतःचे शास्त्र कामास येते. लाकूड कोळसा झाले तरी त्याच्या वाहिन्या, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्या, आणि मज्जाकिरण, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे, जसेच्या तसे टिकतात. कोळसा ठिसूळ असल्यामुळे त्याचे पातळ काप घेता येत नाहीत. म्हणून तो आडवा, त्रिज्येच्या दिशेने आणि वलयाच्या स्पर्शरेषेत असा तीन पातळ्यांवर मोडतात आणि ताज्या मोडीवर प्रकाश टाकून पाहतात. ओकमध्ये वसंतात तयार झालेल्या मोठ्या वाहिन्यांची कडी प्रत्येक वर्षाच्या वलयात उठून दिसते. बीचमध्ये वाहिन्या लहान आणि सर्वत्र विखुरलेल्या असतात, पण मज्जाकिरण रुंद असतात. उष्ण प्रदेशातील पुष्कळ झाडांत वर्षाचे वलय स्पष्ट पडतच नाही, कारण तेथे वाढ थांबवणारा हिवाळा नसतो. हॅम्बुर्ग येथील ट्यूनेन संस्थेतील काष्ठशास्त्रज्ञांनी ११ युरोपीय देशांतून घेतलेली १५० पोती या पद्धतीने तपासली आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: जवळजवळ निम्म्या पोत्यांत उष्ण किंवा उपोष्ण प्रदेशांतील लाकूड होते, लाकडाची जात फक्त सुमारे एक चतुर्थांश पोत्यांवर लिहिलेली होती, आणि ज्यांवर लिहिलेली होती त्यांतही सुमारे निम्म्यांवरच ती बरोबर होती.

“या पोत्यांपैकी किती मानकात नापास झाली असती?” अभ्यासिका विचारते. निरीक्षक मान्य करतात की जातीमुळे एकही नाही, कारण मानक कार्बन, राख आणि अशुद्धी मोजते, झाडाचे नाव नव्हे. ते काम कायद्याचे आहे असे त्यांचे म्हणणे, आणि कायद्याचीही गाडी उशिराच आली: बेकायदा लाकडाला बाजारबंदी करणारा युरोपीय संघाचा २०१०चा नियम कोळशाला लागूच नव्हता, जंगलतोडीशी संबंधित मालाविषयीच्या २०२३च्या नियमात लाकडी कोळसा आला. मधल्या काळात कागदाने काय काय सोसले याचे ठळक उदाहरण सोमालियाचे आहे. तेथील कोळशाची निर्यात सशस्त्र गटांना पैसा पुरवते म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने फेब्रुवारी २०१२मध्ये तिच्यावर बंदी घातली, तरी तो बाभळीचा कोळसा पुढे कित्येक वर्षे दुसऱ्याच आफ्रिकी देशांच्या नावाची उगमपत्रे घेऊन आखाती बंदरांत उतरत राहिला. उगमपत्रावर शिक्का होता, सही होती. अशा व्यवहारात अभ्यासिका पोत्याच्या तळाशी पडलेल्या शेंगेवर अधिक विश्वास ठेवते, आणि ते योग्य आहे, कारण शेंगेला खोटे बोलून काही मिळवायचे नसते.

खडा निवडणाऱ्याच्या हाताचा विचार दोघांपैकी कोणीही आरंभी केला नव्हता, आणि तो निघतो तेव्हा संवादाचा सूर बदलतो. चाळणीशेजारी बसून काळ्या धुळीतून दगड आणि तारा वेचणारी माणसे ही या व्यवसायातील सर्वांत कमी मोल मिळणारी माणसे असतात. ब्राझीलमध्ये गुलामसदृश श्रमातून सोडवलेल्या मजुरांत कोळसाभट्ट्यांवरचे मजूर वारंवार आढळले आहेत. महाराष्ट्रात रायगड आणि ठाण्याकडची कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर उचल घेऊन, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेच्या बदल्यात मोसमभर बांधून घेऊन, दूरच्या भट्ट्यांवर जातात, आणि १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानंतरही या उचलीचा हिशेब फिटत नाही अशी परिस्थिती राहिली आहे. निरीक्षक येथे प्रथमच आपल्या बाजूने अडखळतात. स्वच्छ पोत्याची अट कडक केली की निवडण्याचे काम वाढते. ते यंत्राने झाले तर प्रश्न नाही, पण यंत्र नसेल तेथे तीच अट कोणाच्या तरी फुप्फुसांवर आणि बोटांवर येऊन पडते. “म्हणून अट सैल करावी असे होत नाही,” ते म्हणतात. “अटीबरोबर फरशीचा, चाळणीचा आणि तोंडावरच्या मुसक्याचा खर्च किमतीत धरावा, असे होते.” अभ्यासिका हे पूर्णपणे मान्य करते. पोत्यात हातमोज्याचा तुकडा निघाला तर तेथे निदान हातमोजे होते एवढे कळते, असे ती पुढे म्हणते, आणि त्यावर निरीक्षक काही बोलत नाहीत.

पुरातत्त्वाचा मुद्दा ती मागाहून काढते. घोड नदीकाठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८पासून केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे धान्य ओळखता आले ते मुख्यतः जळलेल्या दाण्यांमुळे. जे कोळसा झाले ते कुजले नाही, आणि चुलीतल्या राखेत पडलेला दाणा हाच त्या घरातील जेवणाचा दाखला ठरला. तेथे चुलीच्या दृष्टीने तो दाणा परकाच होता, जळणात चुकून पडलेला. “उत्खनन करणाऱ्यांनी राख चाळून दाणे फेकले असते तर काय उरले असते, निरीक्षकसाहेब?”

“तेथे जेवणारे तीन हजार वर्षांपूर्वी जेवून गेले होते,” निरीक्षक उत्तरतात. “येथे ते उद्या जेवणार आहेत.” हा प्रतिवाद बिनतोड आहे आणि अभ्यासिका तसे कबूल करते. म्हणून ती आपली मागणी बदलते. वस्तू पोत्यात राहू द्या असे तिचे म्हणणे नव्हतेच. चाळणीतून वा चुंबकावरून जे निघेल ते टाकून देण्यापूर्वी माल कोणत्या खेपेचा होता याची चिठ्ठी लावून ठेवावे, ते भट्टीआधीचे की नंतरचे हे नोंदवावे, आणि ग्राहकाने परत आणलेली वस्तू पैशाबरोबर कचऱ्यात जाऊ नये, एवढेच ती मागते. दोरी निघत असेल तर साठवण तपासा. भेगांसह खिळे निघत असतील तर मोडक्या इमारतींचे लाकूड कोठून येते ते विचारा आणि त्या राखेत आर्सेनिक शोधा. अशी नोंद ठेवली तर पुढच्या खेपेत ती वस्तू निघणारच नाही, म्हणजे निरीक्षकांचा हेतूही साधतो.

निरीक्षकांना ही व्यवस्था पटते. त्यांच्या नोंदपत्रकात अशुद्धी किती हे लिहायला जागा आहे, काय हे लिहायला नाही, आणि ती करता येईल असे ते म्हणतात. दोरी, खिळा, तार, फळी, शेंग, या सगळ्यांना ते साक्षीदार मानायला तयार होतात. फक्त दगडापाशी ते थांबतात. दगड सगळीकडे असतो, तो भट्टीच्या वेशीआधीचा की नंतरचा हे धड सांगता येत नाही, आणि त्याच्यामुळेच ग्राहकाला इजा होते. तेव्हा निदान दगडाची तरी चौकशी नको, तो थेट ढिगाऱ्यावर जावा.

“पॅराग्वेतील ग्रान चाको या प्रदेशातून युरोपला भरपूर कोळसा येतो, हे आपल्याला माहीत आहे,” अभ्यासिका म्हणते. २०१७ साली अर्थसाइट या ब्रिटिश संस्थेने त्या कोळशामागील जंगलतोड उघड केल्यापासून या प्रदेशाचे नाव अशा चर्चांत नेहमी येते. “तो प्रदेश म्हणजे अँडीज पर्वतातून वाहून आलेल्या गाळाचे, बारीक वाळूचे आणि चिकणमातीचे विस्तीर्ण सपाट मैदान आहे. तेथे मैलोन्मैल दगड सापडत नाही. चाकोचा म्हणून आलेल्या पोत्यात ग्रॅनाइटचा खडा निघाला, तर?”

निरीक्षक तपासणीच्या परातीतला दगड उचलून तराजूत टाकतात, वजन लिहून घेतात, आणि ढिगाऱ्याकडे न टाकता कोरी चिठ्ठी मागतात.